कावेरीच्या हातचं पाणी

उद्धव गुरुजींना आपल्या सायकलीचा भारी गर्व होता. माणसाला कशाचा तरी गर्व लागतोच. कुणाला शेताचा असतो, कुणाला मिशीचा, गुरुजींना बावीस इंची काळ्या सायकलीचा होता. एका शिवरात्रीला झरीहून औंढ्याला सायकलवर जाऊन दुसऱ्या दिवशी शाळेत हजर झालो, ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की चौथीच्या पोरांना नागनाथाच्या देवळापेक्षा वाटेतले चढच जास्त पाठ होते. त्यामुळे सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात, दुष्काळाच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात, त्यांचे सासरे आश्रुबा पहाटे गेले, तेव्हा अंगणातल्या सगळ्या माना आपोआप गुरुजींकडे वळल्या.

आश्रुबांना मुलगा नव्हता. दोन लेकी. थोरली अनसूया गुरुजींना दिलेली, गावातच, म्हणजे झरीपासून कोसभरावरच्या वाडीतच. धाकटी कावेरी जिंतूरच्या डोंगरापलीकडे खोरवाडीला दिलेली. आश्रुबांना काल संध्याकाळपासून घरघर लागली होती. अनसूयानं तोंडाशी पाणी नेलं तर त्यांनी मान फिरवली आणि म्हणाले, "कावेरीला म्हनावं, आन." लहानपणी अनसूया शेतात भाकरी घेऊन जायची आणि कावेरी पाणी. म्हातारं मन तिथंच जाऊन बसलं होतं. पहाटे जीव गेल्यावर घरातल्या प्रत्येकानं रीतीप्रमाणं तोंडात पाणी घातलं. मग सासूबाई, दगडाबाई, उठून उंबऱ्यात बसल्या.

"समद्याहीच्या हातचं पानी झालं," त्या म्हणाल्या. "कावेरीच्या हातचं ऱ्हायलंय. ते पडल्याबिगर मी उचलू देनार न्हाई."

आश्रुबांचे चुलतभाऊ किशनराव घरातलं मोठं माणूस. त्यांनी आभाळाकडे बघितलं, प्रेताकडे बघितलं. "वैनी, ऊन कसलं हाय बगा. मयत किती येळ ठिवावं? दिवस कासराभर ऱ्हाईस्तोर वाट बगू. त्याच्या म्होरं माझ्यानं थांबवनार न्हाई."

कासराभर म्हणजे मावळतीच्या वर एका दोरखंडाएवढा सूर्य. साडेपाच-सहाचा सुमार. लग्नाची दाट तीथ होती, एस. टी.च्या गाड्या वऱ्हाडाच्या कंत्राटाला गेलेल्या, सरपंचाची जीपही वऱ्हाडातच. फोन झरीला, तोही खोरवाडीत कुणी उचलायला असेल तर. राहिली गुरुजींची सायकल. त्यांनी मनातल्या मनात गणित केलं. बोरीवरून डोंगरातल्या खिंडीनं गेलं तर खोरवाडी चाळीस किलोमीटर. आता सहा वाजलेत. अकरा-साडेअकराला पोहोचू. कावेरीचा नवरा बन्सीधर, त्याच्याकडे फटफटी आहे. तो तिला पक्क्या रस्त्यानं दीड-दोन तासांत आणून टाकील. दोन वाजता कावेरी दारात. गणित बरोबर होतं. गुरुजींची गणितं फळ्यावर नेहमीच बरोबर येत.

अनसूयानं फिरकीचा तांब्या पाण्यानं भरून, झाकण घट्ट आवळून हँडलला बांधून दिला.

आता ही सांगाव्याची गोष्ट जरा सांगावी लागेल. मयताचा सांगावा परगावी नेणं हे काम पूर्वी गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांच्या गळ्यात बांधलेलं होतं, पिढ्यान्‌पिढ्या. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंग्यात आसपासच्या गावांत त्यांची घरं जळली. वाडीत जळलं नाही, पण शेजारच्या गावचा धूर दिसत असताना वाडीतलं कुणी विझवायलाही गेलं नाही. त्यानंतर वस्तीनं बैठक घेतली आणि गावाला कळवलं की यापुढं सांगावा न्हाई, मेलेलं ढोर न्हाई. बरोबरच केलं त्यांनी. गावानं चार दिवस आदळआपट केली, मग ज्याचं मयत त्याचा सांगावा असं होऊन गेलं. फक्त सांगावा द्यायचा कसा, हे कुणाला येत नव्हतं. ज्यांना येत होतं त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

वस्तीच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत 'नामांतर झालेच पाहिजे' लिहिलेलं होतं. त्याच्या पलीकडे लिंबाखाली सटवाजी बसला होता. सत्तरीचा म्हातारा. वीस-पंचवीस वर्षं त्यानं गावाचे सांगावे पायी नेले होते. गुरुजी पुढं गेले, ब्रेक दाबला आणि परत आले. मागं येऊन विचारणं त्यांना जड गेलं, हे खरं.

"आश्रुबा गेला मन्तेत," सटवाजीच बोलला.

"हो. पहाटं. मी खोरवाडीला निघालोय, कावेरीला आणायला."

"सायकलीवर? खिंडीतून?" म्हाताऱ्यानं टायरांकडे बघितलं, मग गुरुजींच्या पोटाकडे. "चढावर दोन वाटा फुटत्यात. डावी धरा. उजवी लाकडं तोडनाऱ्याची हाय, ती निस्तं रानात नेऊन सोडती."

"सटवाजी, सांगायचं कसं असतं?"

"तोंडानं सांगायचं न्हाई, गुरुजी. कुनाच्या दारात मयत झालं असं तोंडानं म्हनू न्हाई. तब्येत खराब हाय, चला, येवढंच म्हनायचं. अन् दारात हुबं ऱ्हायचं. बसायचं न्हाई, पानी घ्यायचं न्हाई. मंग त्याहीला आपसूक कळतं."

"पाणी का नाही घ्यायचं?"

म्हातारा हसला, दात नसलेलं हसू. "आमाला पानी देत व्हतं कोन? उनातानात जायाचं अन् दारात हुबं ऱ्हायाचं. मंग तीच रीत पडली. आता मुलूखभर समद्याला म्हाईत हाय. निरोप्यानं पानी घेतलं न्हाई मंजी मानूस गेलं. वाटंत कुठंबी प्या. त्या घरचं तेवढं पिऊ नका."

मग तो उठला, आत गेला आणि प्लास्टिकचा पाच लिटरचा कॅन घेऊन आला. आमच्या हापशाचं हाय, म्हणाला, न्या बांधून, तांब्या पुरायचा न्हाई तुमाला.

"नको नको. पुरेल मला तांब्या," गुरुजी म्हणाले.

पुरेल की नाही हा प्रश्नच नव्हता, हे दोघांनाही कळलं. शाळेत गुरुजी सगळ्या पोरांना एका रांजणातलं पाणी पाजायचे, कुणाचं काही चालू द्यायचे नाहीत. पण शाळेचा रांजण वेगळा आणि सासऱ्याच्या मयताच्या दिवशी वस्तीतला कॅन हँडलला लटकवून गावासमोरून जाणं वेगळं. सटवाजीनं कॅन खाली ठेवला. "बरं," तो म्हणाला.

बोरीपर्यंत सायकल सुरेख पळाली. डांबरी होती, मागून वारा होता. आठच्या आत बोरी मागं पडली तेव्हा गुरुजींना वाटलं की आपण उगाच घाबरलो. औंढ्याची गोष्ट आता जुनी होणार, ही नवी सांगायला मिळणार, असाही एक विचार डोक्यात येऊन गेला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. सासरा घरात ताठ पडलाय आणि आपण काय मोजतोय.

बोरीच्या पुढं डांबरी सोडली आणि मग देवानं त्यांच्याकडे बघायला सुरुवात केली. बैलगाडीची वाट. चाकोरीत पिठासारखी धूळ, सायकलीचं चाक त्यात रुतून बसायचं. चाकोरी सोडली की मुरुमाचा माळ, आणि माळावर दगड. दोन वर्षं पाऊस नीट झालेला नव्हता, गवताचं नाव नव्हतं, हिवराची झाडं तेवढी उभी होती आणि त्यांची सावली स्वतःच्याच बुडाला पुरत नव्हती. नऊ वाजताच जमीन तापली. पुढं लांबवर पाणी चमकायचं आणि जवळ गेलं की तिथं पांढरा माळ असायचा. मृगजळ गुरुजी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत. आकृती बरोबर होती, पण तिच्यात जीभ टाळूला चिकटत नव्हती.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरले तेव्हा सायकल हातात धरून वाळूतून ओढत न्यावी लागली. वाटेत एक विहीर लागली. गुरुजींनी वाकून बघितलं. तळाशी चिखलही नव्हता, भेगा होत्या, आणि भेगांत एक मेलेलं कबूतर. पुढं एक तांडा लागला, तिथं कुत्र्याशिवाय कुणी नव्हतं. सगळी माणसं रोजगार हमीच्या खडीवर गेलेली. दाराशी रांजण पालथे घातले होते. टँकर चौथ्या दिवशी यायचा.

डोंगर सुरू झाला तेव्हा दहा वाजले होते. चढ इतका उभा की बसून पायडल मारायची सोयच नाही. गुरुजी सायकल ढकलायला लागले. पायाखाली सुटे दगड, चार पावलं वर गेलं की दोन पावलं खाली. डोक्यावरचं उपरणं घामानं भिजलं आणि तिथंच वाळून कडक झालं. दोन वाटा फुटल्या तिथं ते थांबले. डावी म्हणाला होता की उजवी? डावीच म्हणाला होता. तरी मन धजेना, कारण डावी वाट वाट वाटतच नव्हती, नुसता दगडांचा ओघळ होता. उजवी छान रुळलेली. गुरुजी शहाणे होते, शिकलेले होते, ते उजवीनं गेले. अर्ध्या तासानं तोडलेल्या सागाच्या बुंध्यांत वाट संपली तेव्हा त्यांनी स्वतःला एक अशी शिवी दिली जी त्यांनी वर्गात कधी कुणाला देऊ दिली नसती.

परतताना उतारावर सायकल हातातून सुटली. फार नाही, दहा-बारा हात घसरत गेली आणि दगडावर आपटली. फिरकीच्या तांब्याचं झाकण उडालं. गुरुजी धावले, गुडघे फुटले, तांब्या सरळ केला तेव्हा तळाशी दोन घोट राहिले होते. बाकीचं पाणी मुरुमानं असं पिऊन टाकलं होतं की ओल कुठं होती तेही दिसेना. त्यांनी ते दोन घोट पिऊन टाकले आणि खाली बसून राहिले. सटवाजीचा कॅन डोळ्यांसमोर आला. पाच लिटर.

पुढं खिंडीच्या अलीकडे सराट्याच्या काट्यानं पुढचं चाक पंक्चर केलं. पंप होता, पण सोल्यूशनची नळी वाळून खडा झाली होती. गुरुजींनी टायर काढलं, ट्यूब खांद्यावर टाकली, उपरणं फाडून त्याचे बोळे टायरात ठासून भरले आणि टायर परत चढवलं. अशी सायकल चालते, पण हँडल धरणाऱ्याच्या दातांपर्यंत हादरे बसतात. आता डोक्यावर काही नव्हतं. सूर्य माथ्यावर होता. खिंड ओलांडून पलीकडे उतरायला लागले तेव्हा कानांत एक बारीक शिट्टी वाजत होती आणि ती काही केल्या थांबत नव्हती. थुंकी गिळायला गेलं तर गिळायला काही नव्हतं. किती वाजले हे बघण्यासाठी त्यांनी मनगट वर केलं आणि घड्याळातले आकडे त्यांना लागेनात.

खोरवाडीत शिरले तेव्हा एक वाजून गेला होता. पण अजून वेळ होता. फटफटी होती ना. एक वाक्य बोलायचं, दारात उभं राहायचं आणि पाणी घ्यायचं नाही. एवढंच काम होतं. गुरुजी ते पाठ म्हणत होते, उभं राहायचं, पाणी घ्यायचं नाही, उभं राहायचं, पाणी घ्यायचं नाही.

बन्सीधर अंगणातच होता. नवा फेटा, इस्त्रीचा सदरा, फटफटी पुसत होता. त्याच्या बहिणीच्या मुलाचं लग्न पलीकडच्या गावात, मामा म्हणून त्याचा मान. त्याची आई नर्मदाबाई सोप्यात सुपारी कातरत होती. कावेरी आतून काहीतरी घेऊन बाहेर आली आणि दारातल्या माणसाकडे बघून थबकली. धुळीनं पांढरा झालेला, गुडघे फुटलेला, ओठांच्या साली निघालेला माणूस. ओळखायला तिला एक क्षण लागला.

"दाजी?"

गुरुजी उभे राहिले. खरोखर उभे राहिले. कावेरीचा चेहरा उतरला. रीत सुरू झाली होती, अजून एक शब्द न बोलता ती आपलं काम करायला लागली होती.

"अगं, बगत काय ऱ्हायलीस? पाव्हन्याला पानी दे," नर्मदाबाई ओरडल्या. सुनेच्या माहेरचा पाहुणा दारात उन्हात उभा, त्यांच्या जिवाची घालमेल झाली.

कावेरी आत गेली आणि तांब्या घेऊन आली. रांजणातलं गार पाणी, तांब्याच्या अंगावर बाहेरून थेंब सुटलेले. तिनं तो पुढं धरला. डोळे गुरुजींच्या तोंडावर होते. बन्सीधरचाही फडका थांबला, नर्मदाबाईंचा अडकित्ता थांबला. त्या घरात त्या वेळी तो तांब्या म्हणजे एक प्रश्न होता आणि चौघांनाही तो कळलेला होता.

गुरुजींनी मनात नको म्हटलं. अगदी स्पष्ट म्हटलं. आणि हातांनी तांब्या घेतला.

ते प्यायले. अधाशासारखे, घटाघटा, नरड्यावरून, छातीवरून ओघळ काढत. डोळे मिटून प्यायले. तांब्या खाली आला तेव्हा ते ओट्यावर बसलेले होते, केव्हा बसले हे त्यांना माहीत नव्हतं. डोळे उघडले तर समोर कावेरी हसत होती. सुटल्यासारखी, जीव भांड्यात पडल्यासारखी.

"अजून आनू?" ती म्हणाली.

"काय हो गुरुजी, जीवच घेतलाव की," बन्सीधर म्हणाला. "तसं काय न्हाई ना?"

"तब्येत खराब हाय आश्रुबामामांची," गुरुजी म्हणाले. आवाज घोगरा होता. "लगेच चला. फटफटीवर घ्या कावेरीला."

"येनारच की. आता भाच्याचं लगीन हाय, मामाबिगर अक्षदा पडायच्या न्हाईत. उद्या सकाळी फजरच्याला घेऊन येतो तिला." त्यानं किक मारली. "आई, जेवू घाल गुरुजीला."

"बन्सीधरराव, तसं नाही, ऐका," गुरुजी उठले. पण फटफटीच्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार? ते अंगणाबाहेर धावले. हातात रिकामा तांब्या तसाच. थांबा, थांबा, असं ओरडायचं होतं, तोंडातून नुसती हवा निघाली. वळणावर धूळ उठली आणि खाली बसली.

तोंडानं सांगायला काय झालं होतं, असं आता कुणीही विचारील. गुरुजींनीही पुढं आयुष्यभर स्वतःला तेच विचारलं. तेव्हा मात्र ते परत आले तर चुलीवर तवा चढला होता आणि कावेरी दुधात कणीक मळत होती. आबाला दशम्या आवडतात, म्हणाली. तुमी जरा आडवं व्हा, तवर होतात. ज्या घरात आत्ता पाणी पिऊन, बसून, पाय पसरून झालं, त्या घरात आता उठून मयत सांगायचं? मग पाणी कसं प्यालात, असं ती विचारणार. ते विचारू नये एवढ्यासाठी एक चांगला शिकलेला माणूस चार शब्द गिळून बसला. भित्रा होता, दुसरं काय.

"आत्ताच निघू," ते म्हणाले.

"या उनात?" नर्मदाबाई म्हणाल्या. "माझ्या सुनंला उनात न्हेऊन माराल. उतरू द्या जरासक."

"मावशी, सिरियस हाय."

मुलुखात 'सिरियस' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. नर्मदाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि मग तांब्याकडे बघून हसल्या. "तसं असतं तर तुमी पानी पेलं असतं का? काय बी सांगतेत गुरुजी. सासऱ्याची माया हाय, दुसरं काय न्हाई."

माणसं वाईट असती तर गुरुजींना भांडता आलं असतं. त्या दोघींनी गुरुजींना भाकरी वाढली, पंख्यानं वारा घातला, गुडघ्यांना हळद लावली. गावात दुसरी फटफटी नव्हती, एक ट्रॅक्टर होता तो वऱ्हाडाला गेलेला. गुरुजी दर पाच मिनिटांनी निघू म्हणत आणि दर पाच मिनिटांनी काहीतरी निघे. तीन वाजून गेल्यावर कावेरीच सासूला म्हणाली, "मामी, जाते मी दाजीसंगं. सायकलवर तर सायकलवर. आबाला बगितल्याबिगर मला बी चैन पडनार न्हाई."

दशम्या फडक्यात बांधल्या. फिरकीचा तांब्या नव्यानं भरला. खिंडीच्या चढापर्यंत गुरुजींनी तिला मागं कॅरियरवर बसवून आणलं, पुढचं चाक खडखड करत. चढ लागला तशी ती उतरली आणि तांब्या हातात घेऊन मागून चालायला लागली. आणि बोलायला लागली. आबाला चार महिने बगितलं न्हाई, म्हणाली. संक्रांतीला आले व्हते तर हंगामाचं कारन सांगून मीच बसले न्हाई त्याहीच्यापाशी. लहानपनी शेतात दोघी जायचो, आक्काच्या हातची भाकर खायचे अन् पानी माझ्याच हातचं. आक्कानं दिलं तर मनायचे, हे खारट हाय. एकाच विहिरीचं पानी, दाजी! ती हसली. गुरुजी पुढं बघून सायकल ढकलत होते. त्यांना वाटलं, आपल्याला इथंच काहीतरी व्हावं, दगड पडावा, साप चावावा, म्हणजे हे बोलणं तरी थांबेल.

खिंडीच्या माथ्यावर पोहोचले तेव्हा पाच वाजले होते. इथून खालचा सगळा मुलूख दिसायचा, करपलेला, पांढरा, बोरीपर्यंत. कावेरी एका दगडावर टेकली, तांब्याचं झाकण फिरवलं आणि पुढं धरला.

"घ्या."

"नको."

"अवो घ्या की. ओठ फुटलेत तुमचे."

"नको, कावेरी."

"बसा तरी जरा."

गुरुजी बसले नाहीत. सायकलीला धरून उभे राहिले. घसा जळत होता, पाण्याचा वास येत होता, आणि ते उभे होते. आपण कसे उभे आहोत हे त्यांना कळलं, तेवढ्यात तिलाही कळलं. तांब्या धरलेला तिचा हात हळूहळू खाली गेला.

मग तिनं सूर्याकडे बघितलं. तो अजून दोन कासरे वर होता.

"कवा?"

"पहाटं."

"ठिवलंय?"

"दिवस कासराभर राहीपर्यंत." आणि मग, सांगायचंच तर सगळं, म्हणून ते म्हणाले, "मामांनी शेवटी तुझ्या हातचं पाणी मागितलं होतं. सगळ्यांचं झालंय. तुझंच राहिलंय."

कावेरीनं झाकण परत लावलं. घट्ट आवळलं. "मंग घरी कामून पेलाव, दाजी?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्याहीची फटफटी व्हती की दारात. फटफटी व्हती."

"तहान लागली होती," उद्धव गुरुजी म्हणाले.

कावेरी उठली आणि उताराला लागली. खाली वाट जरा सपाट झाली तशी कॅरियरवर बसली, तांब्या दोन्ही हातांनी पोटाशी धरून. गुरुजींनी पायडल मारलं. उपरण्याचे बोळे एकेक करून टायरातून बाहेर पडत गेले आणि शेवटी चाकाची कडीच दगडांवर वाजायला लागली, तरी ते मारत राहिले. सूर्य दीड कासरा झाला, एक झाला. बोरीजवळ डांबरीला लागले तेव्हा मागून पाण्याचा टँकर आला, गावं करून रिकामा परतणारा. ड्रायव्हरनं सायकल मागं बांधू दिली, दोघांना केबिनमध्ये घेतलं. रिकामी टाकी वाटभर ढणढणत होती. झरीच्या अलीकडे सूर्य बुडाला तेव्हा कावेरी खिडकीतून बाहेर बघत होती आणि रडत नव्हती. तेच गुरुजींना बघवेना.

वाडीत उतरले तर अंगणात माणसं बसलेली होती, डोकी ओली, तोंडात लिंबाचा पाला. विचारायची गरजच नव्हती. किशनराव उठून पुढं आले. "पोरी, लई वाट बगितली. कासराभराच्या बी खाली गेला दिवस, तवा उचललं."

दगडाबाई उंबऱ्यातच होत्या, सकाळी बसल्या तिथंच. त्यांनी कावेरीच्या हातातल्या भरल्या तांब्याकडे बघितलं आणि पदरानं तोंड झाकलं. अनसूया धावत येऊन बहिणीच्या गळ्यात पडली. दोघींच्या मध्ये तो तांब्या आणि दशम्यांचं फडकं. मग अनसूयाचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. उघडं डोकं, फुटलेले ओठ, रक्त वाळलेले गुडघे. तिला त्यांचा कळवळा आला.

"काय दशा झाली ओ तुमची. सकाळधरनं पानी तरी पेलाव का कुठं?"

गुरुजींनी कावेरीकडे बघितलं. तिनंही त्यांच्याकडे बघितलं, दिवसभरात पहिल्यांदा नीट.

"पेले की, आक्का," कावेरी म्हणाली. "माझ्या हातचं पेले."